जमिनीखालच्या डोळ्यांवर जगणारी वेल

(दृश्य: इंग्लंडमधली मागची बाग, फेब्रुवारीअखेर. कुंपणाच्या तारांवर वाळलेला गुंता.)

वरवर पाहिलं तर ही क्लेमॅटिस, फुलांसाठी लावलेली वेल, मेल्यासारखीच दिसते. साल सुटलेल्या तपकिरी काटक्या, त्यांना लटकलेली गेल्या वर्षीची करपलेली पानं. पण जमिनीपासून वीतभर उंचीवर जरा वाकून बघा. पेरावर समोरासमोर दोन डोळे, म्हणजे नवी फूट जिथून निघते ते अंकुर, फुगले आहेत, टपोरे आणि लवदार. कात्री लावायची ती या जोडीच्या बरोबर वर. त्यापुढची वेल आठ फूट असो की दहा, सगळी काढून टाकायची. हातमोजे मात्र घाला. हिच्या चिकाने कातडीची आग होते.

ही जात जॅकमनिआय. सरे परगण्यात वोकिंगला, जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ साली केलेल्या संकरातून ती जन्मली आणि १८६२ मध्ये पहिल्यांदा फुलली. गर्द जांभळी, दहा-एक सेंटीमीटरची फुलं. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी दलं. पाकळ्या या फुलाला नसतातच. आपल्याकडे सह्याद्रीत पावसाळा सरताना झुडपांवर पांढरी फुलं पसरणारी मोरवेलही क्लेमॅटिसच. पण जॅकमनिआयला हिवाळ्याची खरी थंडी आणि विश्रांती लागते, म्हणून ती इंग्लंडात रमते.

इतकी कठोर छाटणी का? कारण जॅकमनिआय त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांद्यांवर फुलते. छाटली नाही, तर नवी फूट जुन्या वेलीच्या शेंड्याकडून निघते. मग खाली नुसत्या उघड्या काटक्या उरतात आणि फुलं कुंपणाच्या वर, शेजाऱ्यांना दिसतील अशी. छाटली की जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत पायथ्यापासून वरपर्यंत बहर.

हाच नियम प्रत्येक क्लेमॅटिसला लावू नका. नेली मोझर ही जात मे-जूनमध्ये जुन्या लाकडावर, म्हणजे गेल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलते. तिची फक्त वाळकी टोकं काढून खालच्या जोमदार डोळ्यांपर्यंत यायचं. हिमालयातून आलेल्या माँटाना या क्लेमॅटिसला छाटायचंच असेल, तर बहर ओसरल्यावर. फेब्रुवारीत छाटलीत तर त्या वर्षीची फुलं गेली म्हणून समजा.

(दृश्य: शरद ऋतू. भिंतीलगत खड्डा.)

लावणीतही सगळं लक्ष डोळ्यांवर. भिंतीच्या पायथ्याशी पाऊस पोचत नाही, माती कोरडीठाक राहते. म्हणून खड्डा भिंतीपासून किमान ३० सेंटीमीटर दूर, साधारण ४५ सेंटीमीटर रुंद आणि तेवढाच खोल. तळाला कुजलेलं कंपोस्ट. कुंडीसकट रोप बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग मुळांचा गड्डा मातीच्या पातळीपेक्षा ५ ते ८ सेंटीमीटर खाली बसेल असं लावा आणि रोपाला बांधलेली आधाराची काठी भिंतीकडे कलती ठेवा. इतर बहुतेक झाडांना असं खोल पुरलं तर खोड कुजतं. हिचं मात्र भलं होतं, कारण एक-दोन पेरं मातीआड जातात आणि वर काही झालं तरी तिथले डोळे शाबूत राहतात.

पहिल्या वसंतात, जात कोणतीही असो, ३० सेंटीमीटरवर छाटा. एका काडीच्या तीन-चार होतात. मुळांना गारवा हवा: आळ्यावर आच्छादन किंवा चपटे दगड ठेवा. मातीला वाफसा येईल तेव्हा कोवळ्या कोंबांवर पहारा ठेवा. गोगलगाई एका रात्रीत ते जमिनीलगत कुरतडतात. आणि जाड खांबाचा आधार देऊ नका. ही वेल पानाच्या देठाने विळखा घालते, आणि त्या देठाला तार किंवा बारीक जाळीच धरता येते.

(दृश्य: जून. कळ्यांनी लगडलेली वेल, एक फांदी मान टाकलेली.)

आता सर्वांत घाबरवणारा प्रसंग. काल टवटवीत असलेली फांदी आज लुळी पडते, पानांचे देठ काळे होतात. हा मर रोग, बुरशीमुळे होणारा. मोठ्या फुलांच्या संकरित जातींना जास्त गाठतो. पण प्रत्येक मरगळ म्हणजे मर रोग नव्हे. आधी माती बोटभर उकरून ओल तपासा, मग वाऱ्याने पिळवटलेली किंवा गोगलगाईने खरवडलेली जागा शोधा. फांदी कापल्यावर आत काळा डाग दिसला, तर निरोगी लाकूड लागेपर्यंत खाली कापत जा, गरज पडली तर मातीच्या खालीसुद्धा. कापलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका आणि कात्री निर्जंतुक करून घ्या.

रोप उपटायची घाई मात्र नको. नेहमीसारखं पाणी देत राहा. पुरलेल्या पेरांतून त्याच उन्हाळ्यात किंवा पुढच्या वसंतात कोंब येऊ शकतात. त्यानंतरही काही फुटलं नाही, तर जवळच दुसऱ्या जागी विटिसेला गटातली जात लावा. तिची फुलं लहान असतात, पण मर रोग तिला सहसा लागत नाही, आणि छाटणी जॅकमनिआयसारखीच.