फादर जर्मनीत पोहोचतात, त्यानंतरचं वर्ष

आदरणीय फादर, सिस्टर आणि मित्रहो,

आपल्याकडून एखादे फादर किंवा सिस्टर जर्मनीला सेवेसाठी निघाले की आपण निरोपाची मिस्सा ठेवतो, शाल देतो, फोटो काढतो. तिकडे पहिल्या रविवारी त्यांच्यासाठी टाळ्या वाजतात. दोन्हीकडे प्रेम खरं असतं. पण माणूस तिथे रुजणार की आतल्या आत खचणार, हे त्यानंतरच्या वर्षभरात ठरतं, आणि त्या वर्षाबद्दल आपण फार कमी बोलतो. मी जर्मनीतल्या म्युन्स्टर धर्मप्रांतातल्या एका गावात राहते, तिथल्या पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे चर्चचं स्थानिक कामकाज पाहणाऱ्या मंडळावर आहे, आणि नव्याने आलेल्या फादर-सिस्टरांकडून जर्मनचा सराव करून घेते. माझं सांगणं एवढंच आहे की नुसती रिकामी जागा भरायला आणलेला माणूस टिकत नाही. त्याला शिकायला वेळ द्यावा लागतो आणि तोंडावर खरं सांगणारं कोणीतरी त्याच्याजवळ असावं लागतं.

जागा रिकाम्या का आहेत, ते आधी पाहू. जर्मनीत सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, जाणारी मुलं अगदी थोडी उरली आहेत. त्यामुळे पाच-सहा गावांची मिळून एक पॅरिश झाली आहे. २०२२ या एका वर्षात ५,२२,८२१ लोकांनी कॅथलिक चर्च रीतसर सोडलं. रीतसर म्हणजे सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात जाऊन सही करून, कारण तिथे चर्चचा कर आयकराबरोबर कापला जातो: बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, बाकी सगळीकडे ९ टक्के. नवीन आलेल्या फादरांना हे कोणीतरी बसून समजावलं पाहिजे. नाहीतर सही करून बाहेर पडलेली बाई नवऱ्याच्या दफनविधीला फादर हवेत म्हणून फोन करते, तेव्हा तिच्याशी कोणत्या सुरात बोलायचं हेच त्यांना कळत नाही.

परदेशी धर्मगुरूंमध्ये तिथे भारतीय सर्वांत जास्त आहेत. सिस्टर आणि परिचारिका तर त्याही आधीपासून आहेत. १९६०च्या दशकात केरळमधल्या कितीतरी तरुण मुली परिचारिका म्हणून जर्मन रुग्णालयांत गेल्या. त्या पिढीने जे सोसलं ते आपल्यापर्यंत नीट पोहोचलं असतं, तर आजच्या फादरांना निम्मी वाट आयती मिळाली असती.

वसईत फादर एकटे पडणं अवघड. सकाळच्या मिस्सेनंतर कोणी दाखला मागायला येतं, कोणी आजारी आईसाठी बोलवायला येतं, कोणी नुसतंच बसायला येतं. जर्मनीत पाच-सहा खोल्यांचं जुनं घर मिळतं, आणि दारावरची बेल दिवसभर वाजत नाही. लोक उद्धट आहेत म्हणून नव्हे. फादरांचा वेळ न विचारता घ्यायचा नाही, अशी त्यांची समजूत असते. पण इकडून गेलेल्या माणसाला वाटतं, मी कोणाला नकोच आहे. हा गैरसमज पहिल्या महिन्यातच मोडायला हवा, आणि तो पुस्तक वाचून मोडत नाही. कोणीतरी त्यांना हाताला धरून चार घरी न्यावं लागतं.

कागदपत्रांत मी फार शिरत नाही, पण ड्रायव्हिंग लायसन्सबद्दल बोलतेच. भारतीय लायसन्स तिथे राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतं. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. पाच चर्च, दोन वृद्धाश्रम, संध्याकाळी सातनंतर बस नाही. लायसन्स नसलेले फादर दुसऱ्याच्या गाडीवर अवलंबून राहतात, आणि चाळिशीतल्या माणसाला ते लाजिरवाणं वाटतं. ड्रायव्हिंग स्कूलची फी कोण भरणार, हे करारातच लिहून घ्यावं.

आता भाषा. जर्मनचं बी-टू, म्हणजे मधल्या पातळीचं प्रमाणपत्र हातात आलं की सगळ्यांना वाटतं झालं. प्रमाणपत्राने दुकानात आणि कार्यालयात निभावतं. चर्चमध्ये समोर बसलेले बरेचसे लोक सत्तरीपुढचे असतात, कानाला यंत्र असतं, आणि आपल्या बोलण्याची लय त्यांना अनोळखी असते. आमच्याकडच्या एका फादरांनी सुंदर उपाय केला. शनिवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये ते प्रवचन मोठ्याने वाचायचे, आणि चर्चची देखभाल करणारे गृहस्थ शेवटच्या बाकावर बसायचे. शब्द ऐकू आला नाही की ते हात वर करायचे. फादर थांबायचे, तेच वाक्य हळू म्हणायचे, शब्दाचा शेवट न गिळता. सुरुवातीला हात सारखा वर जायचा. सहा महिन्यांनी रविवारी लोक दारात थांबून प्रवचनातल्या मुद्द्यावर बोलायला लागले, आणि त्या दिवशी फादरांचा चेहरा मी पाहिला आहे. 'छान झालं प्रवचन' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. शेवटच्या बाकावरून हात वर करणारा माणूस मुद्दाम शोधावा लागतो.

पण खरी कसोटी लागते ती दफनविधीला. आपल्याकडे माणूस गेला की एक-दोन दिवसांत माती होते, सगळं गाव तिथे असतं, आणि गेलेला कोण होता हे फादरांना कोणी सांगावं लागत नाही. जर्मनीत विधी आठवड्याने होतो. अस्थिकलश पुरायचा असेल तर आणखी उशिरा. त्याआधी फादरांनी घरी जाऊन कुटुंबाशी तासभर बोलायचं असतं. प्रवचनात त्या माणसाचं आयुष्य दिसावं, ही घरच्यांची अपेक्षा असते. पुनरुत्थानावरचं उत्तम प्रवचन केलं आणि आजोबांच्या बागेचा उल्लेखच आला नाही, तर ते कुटुंब दुखावतं, आणि छोट्या गावात ती गोष्ट वर्षानुवर्षं लक्षात राहते.

म्हणून आम्ही या भेटीची तालीम करतो. मी गेलेल्या माणसाची मुलगी होते, शेजारीण त्याची बायको होते, टेबलावर कॉफी आणि फोटोंचा अल्बम. फादर आत येतात, सांत्वन करतात, प्रार्थना म्हणतात आणि उठायला लागतात. मी म्हणते, बसा फादर, अल्बम उघडा. हा फोटो कुठला, विचारा. ते कशात रमायचे, विचारा. शेवटचे दिवस कसे गेले, विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. ते गप्प राहणं सगळ्यात जड जातं, कारण परक्या भाषेत शांततेची भीती वाटते. हे सेमिनरीत शिकवलेलं नसतं, आणि पहिल्याच दुःखी घरी जाऊन शिकायला लावणं फादरांवरही अन्याय आहे, त्या घरावरही.

दुसरी अवघड गोष्ट अधिकाराची. तिथे पगारी सेवेत प्रापंचिक स्त्रिया असतात. विद्यापीठात धर्मशास्त्र पूर्ण केलेल्या, फादरांच्या बरोबरीने शिकलेल्या. त्या दफनविधी करतात, मुलांना पहिल्या परमप्रसादासाठी तयार करतात, आणि बैठकीत फादरांचं म्हणणं खोडूनही काढतात. हा अपमान नाही, तिथली कामाची पद्धत आहे. आपल्याकडे फादरांचा शब्द शेवटचा धरायची सवय आपणच लावली आहे, तेव्हा जाणाऱ्याला हे आधी सांगायची जबाबदारीही आपलीच.

आणि मुलं. इथे फादर मुलाच्या डोक्यावर हात ठेवतात तेव्हा आई कृतज्ञ होते. तिथे एखादी आई दचकते. जर्मन बिशपांनीच करवून घेतलेला अभ्यास सप्टेंबर २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. १९४६ ते २०१४ या काळातल्या नोंदींत लैंगिक अत्याचार सोसलेली ३,६७७ मुलं आणि १,६७० आरोपी धर्मसेवक सापडले. म्हणून पोलिसांकडचं चारित्र्याचं प्रमाणपत्र आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण सगळ्यांनाच लागतं. माझ्यावर संशय घेतात म्हणून आपल्या फादरांनी मनाला लावून घेऊ नये. त्या आईची भीती समजून घेणं हेही तिथलं सेवाकार्यच आहे.

वर्णद्वेषाबद्दल मी गप्प राहणार नाही. म्युनिकजवळच्या झोर्नेडिंग गावात काँगोत जन्मलेले धर्मगुरू होते. निर्वासितांविरुद्धच्या भाषेला त्यांनी विरोध केला, त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, आणि मार्च २०१६मध्ये त्यांनी ते गाव सोडलं. त्यांच्या बाजूने पुष्कळ लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले, पण ते निघून गेल्यावर. असा फोन किंवा अशी चिठ्ठी आली तर पहिल्याच दिवशी कोणाला सांगायचं, ते नाव आणि नंबर फादरांच्या हातात असले पाहिजेत. सोसणं हा सद्गुण आहे, असं या बाबतीत कोणी त्यांना सांगू नये.

मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले, आणि त्यांचं मराठीतलं ख्रिस्तपुराण छापलं गेलं १६१६मध्ये. मधली ३७ वर्षं त्यांना मिळाली, आणि आपल्या लोकांनी त्यांना भाषा दिली. आज सहा महिन्यांत तयार फादर मागणाऱ्या कार्यालयांना मी हा हिशेब नेहमी सांगते.

इथे बसलेल्या कुटुंबीयांनाही एक विनंती आहे. फोनवर पहिला प्रश्न घराच्या छपराचा किंवा पुतण्याच्या फीचा नको. बऱ्याच फादरांचा पगार त्यांच्या धर्मसंघाकडे जातो, आणि पॅरिशचा पैसा निवडून आलेल्या मंडळाच्या संमतीशिवाय हलत नाही. त्यांना नाही म्हणावं लागतं, आणि मग ते फोनच टाळायला लागतात.

शेवटचा मुद्दा नाताळचा. जर्मनीत २४ डिसेंबरच्या संध्याकाळची मिस्सा संपली की प्रत्येक कुटुंब आपापल्या घरात जातं, आणि २५-२६ दोन्ही दिवस सुट्टी. कोणाला बोलवायचं राहून जातं ते दुष्टपणाने नव्हे, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बोलावलं असेल. आमच्या पॅरिश कौन्सिलने हा विषय ऑक्टोबरच्या बैठकीत कायमचा घातला आहे. २४ला रात्री फादर कोणाकडे, २५ला दुपारी कोणाकडे, २६ला कोणाकडे, हे नावांसह ठरतं, आणि त्यांना एक दिवस एकटं राहायचं असेल तर तेही विचारलं जातं. गेल्या वेळी त्यांनी स्वतःच २६चं जेवण मागून घेतलं, पण आपल्या घरी. आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवलो.