अर्धेमुर्धे विषाणू

[दृश्य: इन्क्युबेटरचं दार उघडतं. आत आडवे ठेवलेले फ्लास्क.]

तापमान २८ अंश. माणसाच्या पेशींना ३७ लागतात, पण या डासाच्या पेशी आहेत, त्यांना एवढी ऊब पुरते. फ्लास्कवरच्या पट्टीवर लिहिलंय, सी ६/३६. डेंग्यू-चिकनगुनियावर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत हे नाव ओळखीचं आहे. मूळ मात्र पुण्याचं.

१९६७ साली पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत (एनआयव्ही), के. आर. पी. सिंह यांनी एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या. त्या वाढतच राहिल्या. १९७८ मध्ये अकिरा इगाराशी यांनी त्यातलीच एक शाखा निवडली, जिच्यात डेंग्यू आणि चिकनगुनियाचे विषाणू जोमाने वाढतात. तीच ही. आपल्या शाळेच्या पुस्तकांत हे यायला काय हरकत आहे?

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा थर.]

माकडाच्या पेशींत चिकनगुनियाचा विषाणू सोडला, की थर फाटून पेशी मरतात. डासाच्या पेशी बऱ्याचदा विषाणू बाळगून जगत राहतात. असं का, याच्या उत्तरातला एक धागा अर्धवट विषाणूंपाशी जातो.

[ॲनिमेशन: लांब धागा, मधून तुटतो.]

डेंग्यूचा आरएनए, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती असलेला धागा, सुमारे १०,७०० अक्षरांचा. त्याची नक्कल होताना कधी मधला मोठा भाग गळून जातो आणि दोन टोकं तेवढी जोडली जातात. नक्कल सुरू करायच्या खुणा नेमक्या टोकांवरच असतात. त्यामुळे तुकड्याचीही नक्कल होते, आणि आखूड असल्याने झटपट होते. स्वतःचं प्रथिन एकही नाही. शेजारच्या धडधाकट विषाणूची सामग्री वापरायची, त्याचंच कवच पांघरून बाहेर पडायचं. आयत्या बिळावर नागोबा! यात मूळ विषाणूचीच वाढ खुंटते. आजाराचा जोर ठरवण्यात अशा कणांचा हात असावा, असं ॲलिस हुआंग आणि डेव्हिड बाल्टिमोर या विषाणूशास्त्रज्ञांनी १९७० सालीच मांडलं होतं. तरी पुढे कितीतरी वर्षं अनेकांनी हा प्रयोगशाळेतला कचरा मानला.

[नकाशा: म्यानमार.]

तिथलं चित्रीकरण आमच्याकडे नाही, म्हणून नकाशा. २००६ साली जॉन आस्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की म्यानमारमध्ये रुग्णांत आणि डासांतही डेंग्यू-१ चा, म्हणजे डेंग्यूच्या चारपैकी पहिल्या प्रकाराचा, एक सदोष वंश फिरत होता. कवचाच्या जनुकात मध्येच प्रथिन बनवणं थांबवणारी खूण पडलेली, तरी किमान १८ महिने टिकलेला, धडधाकट विषाणूच्या जोडीने. पुढे २०११ मध्ये रुग्णांच्या रक्तात चारही प्रकारच्या डेंग्यूचे आखूड तुकडे सापडले, सुमारे २९० अक्षरांचे.

[दृश्य: बर्फावर गारठलेली डासाची मादी, चिमटा, काचेची केशनळी.]

आता हे नीट बघा. मादीने पातळ पडद्यातून सोंड खुपसून विषाणू मिसळलेलं कोमट रक्त प्यायलं, त्याला काही दिवस झालेत. विषाणू आतड्यातून निघून लाळग्रंथींपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो. आधी पाय काढायचे, मग पंख. सोंड अलगद केशनळीत सरकवायची. हात स्थिर नसेल तर सोंड वाकते आणि मादी वाया जाते. नळीत तेलाचा थेंब असेल, तर लाळेचे बुडबुडे दिसतात. तेवढ्याशा लाळेत विषाणू आहे का, हे तपासायचं; असेल, तर ही मादी चावून तो पुढे पोचवू शकते.

२०२१ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी अर्धवट जनुकसंचांची, म्हणजे अशाच तुकड्यांची, मुद्दाम निवड केली. चिकनगुनियाच्या तुकड्यांनी विषाणूला डासाच्या शरीरात पसरू दिलं नाही. झिकाच्या तुकड्याने उंदरांत संसर्ग घटवला आणि एडिस इजिप्ती या डासातून विषाणू पुढे जाणंही रोखलं.

[दृश्य: डासांचा पिंजरा, जाळीवर बसलेल्या माद्या.]

माणसांसाठीचं औषध यातून अजून झालेलं नाही. डेंग्यूच्या रुग्णाला आजही पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, गरज पडली तर सलाइन. माद्यांची पुढची तुकडी उद्या पिंजऱ्यातून बर्फावर येईल.