विजयदुर्गाखाली जळालेले आरमार

श्रोतेहो, नमस्कार.

मराठ्यांचे आरमार इंग्रजांनी बुडवले, असे आपण सर्रास म्हणतो. तोफा इंग्रजांच्याच होत्या. पण त्यांना आवतण कुणी धाडले?

कान्होजी आंगरे १७२९ साली वारले आणि काही वर्षांतच मुलांत भाऊबंदकी माजली. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी वाटणी करून दिली: मानाजीला कुलाबा, संभाजीला विजयदुर्ग आणि सरखेली, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद. तंटा मिटला, आरमार दुभंगले. पुण्याला ते सोयीचेच होते, असे मला वाटते.

संभाजीनंतर विजयदुर्गावर तुळाजी आला. हा कर्तबगार, तितकाच हट्टी. आम्ही छत्रपतींचे सरखेल, पेशव्यांचे ताबेदार नव्हे, हा आंगऱ्यांचा ताठा. शाहू महाराज होते तोवर तो खपला. १७४९ मध्ये महाराज गेले, कारभार पुण्यात एकवटला आणि तुळाजी नानासाहेब पेशव्यांच्या डोळ्यांत सलू लागला. त्यानेही पेशव्यांच्या मुलखाला उपद्रव देण्यात कसूर केली नाही, हे सांगायलाच हवे.

पण समुद्रात त्याला गाठायचे कसे? मार्च १७५५ मध्ये पेशव्यांतर्फे रामाजी महादेवांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. दोघांनी मिळून तुळाजीला मोडायचे, आणि दर्यावरचा हुकूम इंग्रजांचा! सगळी गोम या कलमात आहे. पुढच्याच महिन्यात सुवर्णदुर्ग पडला.

फेब्रुवारी १७५६. इंग्रज आरमारी सेनानी वॉटसनची जहाजे विजयदुर्गाच्या खाडीत शिरली; बरोबर फौजेसह क्लाइव्ह. तुळाजीची गुराबे-गलबते किल्ल्याच्या आडोशाला दाटीवाटीने नांगरलेली. इंग्रजांचा एक पेटता गोळा त्यांतल्या एका जहाजावर पडला. गंमत अशी, की ते जहाज पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेले. आग एका डोलकाठीवरून दुसरीवर गेली आणि अख्खे आरमार पेटले. तुळाजी तेव्हा बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत होता. तो पुढे त्यांच्याच कैदेत मेला.

इंग्रजांनी घाईने किल्ला ताब्यात घेतला, सुमारे दहा लाखांची लूट आपसात वाटली आणि पेशव्यांना ताटकळत ठेवले. ऑक्टोबरच्या तहात विजयदुर्ग मिळाला. बाणकोट इंग्रजांकडे राहिले. पुढे पेशव्यांचे आरमारी सरदार धुळप यांनी विजयदुर्गावर आरमार सांभाळले, १७८३ मध्ये इंग्रजांना पाणीही पाजले. पण मुंबईला धाक बसावा असे दुसरे आरमार पुन्हा उभे राहिले नाही.

इकडे वॉटसन आणि क्लाइव्ह डिसेंबर १७५६ मध्ये बंगालला पोहोचले. जानेवारी १७५७ मध्ये त्यांनी कलकत्ता परत घेतले. त्याच वर्षी मराठी फौजा दिल्लीत शिरल्या, आणि पुण्याचे सारे लक्ष तिकडे होते.