दमसास वाट्याला किती येतो

(दृश्य : ग्वाल्हेरचा लष्कर भाग. हिवाळ्यातली पहाट. तानपुरा.)

वाड्याच्या माडीवर दोघी सख्ख्या बहिणी एकाच षड्जावर थांबल्यात. गुरू एक, रियाज एक. चौदा वर्षांच्या धाकटीचा सूर आधी सुटतो. आजी म्हणते, "थोरलीचा दमसास आजोबांवर गेलाय."

लांब सूर ही मुख्यतः साधनेची कमाई, हे ग्वाल्हेरला कुणी सांगायला नको. पण ज्या भात्यावर ती साधना चालते, तो बराचसा घरातूनच येतो. आजी चुकलेली नाही.

(दृश्य : स्पायरोमीटर)

छाती भरून श्वास घ्या आणि जोरात फुंका. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि शेवटपर्यंत मिळून किती, हे दोन आकडे यंत्र टिपतं. वय सारखं, उंची सारखी, तरी दोघांचे आकडे जुळतीलच असं नाही.

आईच्या पोटातच श्वासनलिकेला फांद्या फुटू लागतात. एकीच्या दोन, दोनांच्या चार, अशा सुमारे २३ वेळा. फांद्या फुटण्याच्या संदेशाला लगाम घालणारं एचएचआयपी हे जनुक चौथ्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या शेजारचं डीएनएचं एखादं अक्षर बदललं, तरी मोठेपणी फुंकरीच्या आकड्यात किंचित फरक दिसतो.

किंचितच. २०२३ साली ५,८०,८६९ माणसांच्या अभ्यासातून असे १,०२० फरक हाती आले, ५५९ जनुकांकडे बोट दाखवणारे. प्रत्येकाचा वाटा थेंबाएवढा. आणि त्या लाखोंमध्ये दक्षिण आशियाई वंशाचे किती? फक्त ४,२७०. हा आकडा मला टोचतो. आपल्या छातीचा हिशेब अजून परक्यांच्या वहीतून मांडला जातोय.

एकाच जनुकाने घात करावा, असंही क्वचित घडतं. १९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांना काही रुग्णांच्या रक्तात अल्फा-वन अँटिट्रिप्सिन हे प्रथिन जवळजवळ आढळलंच नाही. पांढऱ्या पेशींच्या विकरापासून (एन्झाइमपासून) फुप्फुसांना वाचवणारं हे प्रथिन. आई आणि वडील, दोघांकडूनही त्याच्या जनुकाची सदोष प्रत आलेली असली आणि त्यात सिगारेट ओढली, तर ऐन चाळिशीत जिना चढताना धाप लागू शकते. भारतात हा दोष विरळा. सिगारेट मात्र विरळा नाही.

(दृश्य : पुन्हा माडी)

फुप्फुसांची ताकद विशीच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत वाढत असते. धाकटीची अजून वाढतेय. खाली गल्लीत कुणीतरी थंडीसाठी टायर पेटवलाय. आजी उठते, खिडकी लावून घेते. धाकटी पुन्हा सा लावते.