सहा मिनिटे चाळीस सेकंद

[दृश्य : टेपरेकॉर्डर, वरून. हळूहळू फितीच्या जोडावर.]

पडद्यावर दिसणारी ही तपकिरी फीत पाव इंच रुंदीची आहे. तिची दोन टोके एकमेकांना जोडून तिचे कडे केलेले आहे. हे कडे यंत्राच्या हेडवरून निघते, खोलीच्या मध्यावर उभ्या केलेल्या माइकच्या स्टँडला वळसा घालते आणि परत यंत्रात शिरते. फीत सेकंदाला १९ सेंटीमीटर या वेगाने सरकते आणि तिची लांबी दोन मीटरांहून थोडी अधिक आहे. त्यामुळे एकदा नोंदवलेला आवाज साधारण अकरा सेकंदांनी पुन्हा ऐकू येतो. चार जणांच्या या स्वतंत्र बँडचे नवे सिंगल, म्हणजे एकटेच प्रसिद्ध केलेले गाणे, याच अकरा सेकंदांतून उभे राहिले आहे.

जोडाकडे नीट पाहा. फीत सरळ कापली, तर जोड हेडवरून जाताना प्रत्येक वेळी टक् असा आवाज होतो. म्हणून गायिका ती ब्लेडने तिरकी, ४५ अंशांच्या कोनात कापते, टोकाला टोक भिडवते आणि पाठीमागून पांढरी पट्टी लावून ती नखाने घासून बसवते. मग ती आणखी एक गोष्ट करते. टेपरेकॉर्डरमध्ये ओळीने तीन हेड असतात : पहिले जुना आवाज पुसते, दुसरे नवा नोंदवते आणि तिसरे तो ऐकवते. पहिल्या हेडसमोर तिने जाड कागदाचा एक तुकडा सरकवला आहे. आता काहीच पूर्णपणे पुसले जात नाही. ती एक ओळ गाते, फीत फिरून येते, ती त्याच ओळीवर दुसरी ओळ गाते आणि नव्या नोंदीमुळे जुनी थोडीशी फिकी होत मागे सरते. दहा-बारा फेऱ्यांनंतर शब्द उरत नाहीत. एकाच गळ्यातून निघालेला, पण कोणत्याही एका गळ्याला गाता येणार नाही असा स्वरांचा दाट थर उरतो. संगणकावर हेच काम काही क्षणांत होते आणि त्यात वाईट काहीच नाही. पण तिथे जुना थर हवा तेव्हा जसाच्या तसा परत मिळतो. इथे जे गेले ते गेले, आणि म्हणून पुढची ओळ गाताना चौघांचेही कान जागे असतात.

[दृश्य : गिटार, जवळून. मग जमिनीवरच्या चिकटपट्ट्यांच्या खुणा.]

गिटारच्या सहाही तारा एकाच सुरात, वेगवेगळ्या सप्तकांत लावलेल्या आहेत. त्यांतल्या दोन जाणीवपूर्वक किंचित बेसूर ठेवल्या आहेत. एक तार सेकंदाला १४७ वेळा आणि दुसरी १४९ वेळा कंप पावत असेल, तर कानाला दोन सूर ऐकू येत नाहीत; सेकंदाला दोनदा फुगणारा आणि ओसरणारा एकच सूर ऐकू येतो. या गाण्यात ज्याला वेगळे वाद्य समजण्याची चूक अनेक श्रोते करतील, तो हाच आवाज आहे.

जमिनीवर लावलेल्या रंगीत पट्ट्या गिटारवादकाच्या पावलांसाठी आहेत. ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडलेला आवाज तारांना पुन्हा हलवतो, तारांची हालचाल पिकअप टिपतो, ती पुन्हा ॲम्प्लिफायरकडे जाते आणि हे चक्र स्वतःच्या बळावर चालू राहते. यालाच फीडबॅक म्हणतात. गिटारवादक ॲम्प्लिफायरपासून किती अंतरावर आणि कोणत्या कोनात उभा आहे, यावर कोणता स्वर फुलणार हे बरेचसे ठरते. लाल पट्टीवर उभे राहिले की खालचा सूर धरून राहतो, निळ्या पट्टीकडे अर्धे पाऊल सरकले की त्याच सुराचा वरचा स्वरांश अचानक उमलतो. या खुणा म्हणजे या गाण्याची स्वरलिपीच आहे, आणि ती कागदावर उतरवण्याची गरज कुणाला भासलेली नाही.

[दृश्य : ड्रम आणि बेस, एकाच चौकटीत.]

ड्रमचा ठेका सात मात्रांचा आहे. त्याची विभागणी तीन, दोन, दोन अशी आहे. रूपक तालाची सवय असलेल्या कानाला ती ओळखीची वाटेल. बेसची धून मात्र चार मात्रांची आहे. त्यामुळे दोघांची सम दर अठ्ठावीस मात्रांनी एकदाच एकत्र येते. मधल्या काळात दोघे सतत एकमेकांपासून दूर जात आणि जवळ येत राहतात. टेपचे कडे तर कोणत्याच मात्रेला बांधलेले नाही. ते आपल्या अकरा सेकंदांनी फिरते. तिन्ही चक्रे जिथे योगायोगाने एकत्र येतात, त्या जागी बेसवादकाचा चेहरा पाहा. हे चित्रण तालमीतले आहे आणि त्या क्षणाची त्यालाही आधी कल्पना नव्हती.

[इथे बेसवादकाचे मनोगत.]

अशी गाणी आधी लिहून मग वाजवली जात नाहीत. चौघे तासन्‌तास वाजवतात, सगळे नोंदवतात आणि मग त्यातले काय ठेवायचे हे ऐकत बसतात. या पद्धतीला मोठी परंपरा आहे. जर्मनीतील कोलोन येथे १९६८ साली सुरू झालेला कॅन हा बँड स्वतःच्या स्टुडिओत दीर्घकाळ उत्स्फूर्त वादन करीत असे आणि त्यांचे बेसवादक होल्गर झुकाय त्या फिती कापून, जोडून त्यांतून रचना घडवीत. कापणे हीच तिथे रचना होती. या चौघांनाही हे काम दुसऱ्या कुणावर सोपवावेसे वाटत नाही, आणि आम्हाला त्यांचे हे म्हणणे पूर्णपणे पटते.

गाण्याची लांबी ६ मिनिटे ४० सेकंद आहे. सिंगल म्हटले की तीनेक मिनिटांचे गाणे डोळ्यांसमोर येते, त्याचे कारण संगीतात कमी आणि जुन्या तबकडीत अधिक आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत. १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी आणली, तेव्हाही लोकप्रिय गाण्याचा हा बेत फारसा बदलला नाही. तबकडीची मर्यादा गेली, सवय राहिली. रेकॉर्ड कंपनीशी करार असता, तर रेडिओसाठी गाणे छोटे करून देण्याची मागणी बहुधा पहिल्याच बैठकीत झाली असती. इथे तशी बैठक नाही. या गाण्याला ध्रुवपदही नाही, आणि पहिल्या चाळीस सेकंदांत फितीच्या फिरण्याखेरीज काही ऐकू येत नाही.

हा निर्णय किती धाडसाचा आहे, हे सांगायला हवे. स्पॉटिफायवर गाणे किमान ३० सेकंद ऐकले गेले तरच ती एक श्रवणनोंद धरली जाते. पहिला सूर येण्याआधीच त्या गाण्याची पहिली परीक्षा होऊन जाणार आहे. चौघांना हे ठाऊक आहे. त्यांनी ती चाळीस सेकंदे कापली नाहीत.

[दृश्य : मिक्सिंग. पडद्यावरील आवाजाचे आलेख.]

मिक्सिंग आणि मास्टरिंगमध्ये, म्हणजे नोंदवलेले आवाज एकत्र जुळवून त्यांवर शेवटचा हात फिरवताना, हळू आवाज हळूच आणि मोठा आवाज मोठाच ठेवला आहे. स्पॉटिफाय सर्व गाण्यांची पातळी साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) आसपास आणून ऐकवते, त्यामुळे आपले गाणे इतरांपेक्षा मोठे ऐकू यावे म्हणून आवाज दाबून सपाट करण्याची जुनी स्पर्धा आता निरर्थक ठरली आहे.

[दृश्य : तालमीची खोली, चौघे एकत्र.]

स्वतःचे संगीत स्वतः प्रसिद्ध करण्याचा मार्गही नवा नाही. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७ मध्ये उसन्या पैशांवर आपली पहिली रेकॉर्ड स्वतःच काढली, तेव्हा पहिल्या खेपेस १,००० प्रती छापल्या होत्या. आता प्रती छापाव्या लागत नाहीत. ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक मिळतो, वितरकामार्फत फाइल जगभर पोहोचते आणि २०१५ पासून रूढ झालेल्या पद्धतीप्रमाणे शुक्रवार हा प्रकाशनाचा दिवस असतो. हे गाणेही शुक्रवारी आले.

मिळकतीबद्दल थोडक्यात : २०२४ पासून स्पॉटिफायवर आधीच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला तिथून मानधन मिळत नाही, आणि हे गाणे अजून त्या आकड्याच्या अलीकडे आहे. मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क मात्र चौघांच्या नावावर समान वाट्याने आहेत. कापून बाजूला ठेवलेल्या फितींवर पुढच्या गाण्याचे काम सुरू झाले आहे, आणि या वेळी कडे चार मीटरांचे आहे.