उन्हात वाळलेल्या टॉवेलाचा वास

(दृश्य : सकाळ. गच्चीवरची दोरी, दोरीवर पांढरे टॉवेल.)

सोलापूरच्या पूर्व भागातील ही एक गच्ची आहे. खालच्या गल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येत आहे. उन्हाळ्यात पाऱ्याने चाळिशी ओलांडली की इथे जाडजूड टॉवेलसुद्धा पाहता पाहता कडकडीत वाळतो. दोरीवरून काढलेल्या टॉवेलाची घडी घालण्याआधी घरातली बाई तो जवळजवळ नकळत नाकाशी नेते. त्या क्षणी तिला जो वास येतो, त्याविषयी ही चित्रफीत आहे.

हा वास साबणाचा असावा, असे आपण समजतो. कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी नुसत्या पाण्यात धुतलेले सुती टॉवेल काही अंधाऱ्या खोलीत, काही सावलीत आणि काही थेट उन्हात वाळवले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उन्हात वाळलेल्या टॉवेलांवर पेंटॅनाल, ऑक्टॅनाल, नोनॅनाल अशी अल्डिहाइड गटातील सुवासिक संयुगे आढळली. अंधारात आणि सावलीत वाळलेल्या टॉवेलांवर तशी ती आढळली नाहीत. ओल्या सुतावर ऊन पडल्यावर होणाऱ्या रासायनिक क्रियांतून ती तयार होत असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे साबण नसला तरी हा वास येतोच. त्याला हवे असते ओले सूत आणि भरपूर ऊन. सोलापूरला यांपैकी कशाचीच वाण नाही.

(दृश्य : मागावरचा टेरी टॉवेल, अगदी जवळून.)

भौगोलिक मानांकन मिळालेल्या या टेरी टॉवेलाच्या विणीत ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन संच असतात. एक घट्ट ताणलेला असतो आणि दुसरा सैल सोडलेला. त्या सैल धाग्यांचेच हे बारीक फासे होतात. पाणी टिपून घेतात ते हेच फासे, आणि दोरीवर उन्हाला सामोरे जातात तेही हेच.

सुगंध घडवणाऱ्यांनी हे अल्डिहाइडचे कूळ फार पूर्वी हेरले होते. अर्नेस्ट बो यांनी घडवलेले आणि १९२१ साली बाजारात आलेले शनेल नंबर फाइव्ह हे अत्तर गाजले, ते त्यातील अल्डिहाइडांच्या सढळ वापरामुळे. स्वच्छतेच्या वासाचा दुसरा धागा मात्र चमत्कारिक ठिकाणाहून येतो. १८८८ साली आल्बर्ट बाऊर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्फोटकांवर काम करत होता आणि त्याच्या हाती लागले कस्तुरीसारख्या वासाचे संयुग. पुढे निघालेल्या अनेक कृत्रिम कस्तुरी पाण्यात सहजी विरघळत नाहीत, धुतल्यावरही कापडाला धरून राहतात, म्हणून त्या कपडे धुण्याच्या पावडरीत गेल्या. आज कुपीवर ‘व्हाइट मस्क’, म्हणजे पांढरी कस्तुरी, असे लिहिलेले पाहून आपल्याला धुतलेला सदरा आठवतो, तो त्यामुळे. कस्तुरीमृगाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो.

(दृश्य : अत्तराचे दुकान. काचेच्या कुप्या, कापसाचा फाया.)

भर मे महिन्यात भारी अत्तर लावून भरलेल्या एसटीत चढलेल्या माणसाशेजारी ज्याने पंढरपूरपर्यंत प्रवास केला आहे, त्याला सौम्य सुगंधाची महती वेगळी सांगावी लागत नाही. उष्णतेने सुगंधी द्रव्ये झपाट्याने उडतात. थंड हवेत दिवसभर पुरवून पुरवून येणारा वास इथे पहिल्या अर्ध्या तासातच अंगावर येतो. म्हणूनच जाणता दुकानदार कुपीच्या काचेच्या बुचाचे टोक मनगटाला जेमतेम टेकवतो आणि घाई न करता, पाच मिनिटांनी पुन्हा वास घ्यायला सांगतो. उन्हाळ्यात तो बहुधा वाळा पुढे करतो. वाळा म्हणजे गवताची मुळे. त्यांचे तेल जड असल्याने सावकाश उडते. शिवाय कूलरच्या जाळीतून आणि माठातल्या पाण्यातून हा वास आपल्या ओळखीचा झालेला असतो, त्यामुळे माणसाने काही लावले आहे असे न वाटता तो नुकताच न्हाऊन आला आहे, असे वाटते.

(दृश्य : जानेवारी. सिद्धेश्वर यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक.)

मकरसंक्रांतीच्या सुमारास हेच शहर पांढरे होते. नंदीध्वजांमागे, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्यांमागे, चालणाऱ्या भक्तांच्या अंगावर पांढरीशुभ्र बाराबंदी असते, आदल्या दिवशी धुऊन, गच्चीवर वाळवून ठेवलेली. हळद, भंडारा आणि धूप यांच्या दाट वासातून एखादा मानकरी अगदी जवळून पुढे जातो, आणि त्याच्या बाहीचा वास, दोन पावलांपुरता, वेगळा कळतो.