दशांश दिला, उरलेल्या नऊ भागांचे काय?

सर्वांना जय ख्रिस्त. मागील व्हिडिओखाली सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न असा: दशांश, म्हणजे देवाला द्यायचा मिळकतीचा दहावा भाग, हाती येणाऱ्या पगारावर काढावा की भविष्यनिर्वाह निधी कापण्यापूर्वीच्या पगारावर?

याचे उत्तर लवकर आटोपते. बायबलच्या जुन्या करारातला दशांश धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुराढोरांचा होता, आणि त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 14व्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी (देवाच्या सेवेसाठी नेमलेला वंश), उपरे, अनाथ व विधवा यांच्यासाठी गावातच ठेवला जाई. नव्या करारात प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला टक्केवारी सांगत नाही. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे, कुरकुर न करता द्यावे, एवढेच तो लिहितो. म्हणून नवराबायकोने एकत्र बसून आकडा ठरवावा.

मला खटकतो तो या प्रश्नामागचा समज. घरपट्टी भरली की वर्षभर कोणी विचारायला येत नाही, तसा दशांश पाकिटात घातला की उरलेले नऊ भाग आपले, असे आपण धरून चालतो. स्तोत्र 24 तर म्हणते की पृथ्वी आणि तिच्यावरचे सर्व काही परमेश्वराचे आहे. त्यात नऊ भाग वगळलेले नाहीत.

लूकच्या शुभवर्तमानात 16व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला कारभारी पाहा. आपल्याकडे बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात, पण हा दुसऱ्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारा नोकर आहे. त्याच्यावरचा आरोप धन्याचे द्रव्य उधळल्याचा आहे, आणि धनी त्याच्याकडे हिशेब मागतो तो सगळ्या कारभाराचा.

अठराव्या शतकातले इंग्लंडचे धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी नऊ भागांकडेच लक्ष दिले. ऑक्सफर्डमध्ये असताना त्यांची मिळकत वर्षाला 30 पौंड होती. 28 पौंडांत भागवून त्यांनी 2 पौंड दिले. पुढच्या वर्षी मिळकत 60 पौंड झाली, तरी खर्च 28 पौंडांवरच ठेवून त्यांनी 32 पौंड देऊन टाकले. पगारवाढीच्या आधीच गाडीचा हप्ता ठरवणाऱ्यांनी, म्हणजे मीही त्यांत आलो, हे आकडे वहीत उतरवून घ्यावेत.

एका प्रेक्षकाने मला रागावून लिहिले आहे, “देवाला देणाऱ्या माणसाकडे घरखर्चाचा हिशेब मागणे शोभत नाही.” त्यांनी मार्कच्या शुभवर्तमानाचा 7वा अध्याय वाचावा. आईवडिलांच्या उपयोगी पडू शकणारे द्रव्य ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केलेले, असे जाहीर करून त्यांना रिकाम्या हाताने ठेवणाऱ्यांना येशूने तिथे फटकारले आहे. ज्याचे देणे आधी लागते त्याला डावलून वेदीवर ठेवलेल्या पैशाला येशूने भक्ती म्हटलेले नाही.

हे मला लहानपणी आमच्याच घरात दिसले. मंडळीच्या हंगामाच्या सणात वडिलांनी अर्पणात आलेल्या वस्तूंच्या लिलावातला एक भोपळा चढाओढीने सातशे रुपयांना घेतला, टाळ्या झाल्या, पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला. सोमवारी सकाळी किराणा दुकानातला मुलगा तीन महिन्यांच्या थकबाकीची लाल वही घेऊन दारात उभा राहिला, आणि वडील मागच्या दाराने निघून गेल्यामुळे त्याच्याशी आईला बोलावे लागले. तो भोपळा आम्ही चार दिवस खाल्ला. फोडणीचे तेल त्याच वहीत मांडलेले होते.